नव्वद टक्के, पण कुठल्या शाळेचे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

निकालांच्या आणि अकरावी प्रवेशाच्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच होता: त्याचे मार्क आणि हिचे मार्क एका तराजूत तोलता येतात का? त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : मुलीला नववीत ६८ टक्के पडले. शेजारच्या मुलीला दुसऱ्या शाळेत ९१. दोघी राज्य मंडळाच्या, मराठी माध्यमाच्या, पुस्तकं तीच. क्लास एकच, आणि क्लासच्या चाचण्यांत दोघी बरोबरीला असतात. मग हा २३ टक्क्यांचा फरक कुठून आला? दहावीसाठी शाळा बदलावी का?
— एक पालक, सांगली

क्लासच्या चाचण्यांत दोघी बरोबरीला असतात, या वाक्यातच तुमचं निम्मं उत्तर आहे. तिथे पेपर एक आणि तपासणारा एक असतो. नववीत तसं नसतं. नववीचा पेपर शाळाच काढते, शाळाच तपासते आणि तोंडी-प्रकल्पाचे मार्कही शाळाच देते. अभ्यासक्रम सारखा असला तरी मोजपट्टी प्रत्येक शाळेची स्वतःची असते.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर दोन्ही शाळांचे बीजगणिताचे पेपर शेजारी ठेवा. दहावीच्या ४० मार्कांच्या पेपरचा आराखडा ठरलेला आहे: पहिल्या प्रश्नाला ८, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला ९, चौथ्याला ८ आणि पाचव्याला ३. नववीत बऱ्याच शाळा हाच साचा वापरतात. पहिल्या तीन प्रश्नांत शाळाशाळांत फारसा फरक नसतो. चौथ्या आणि पाचव्या प्रश्नावर नजर ठेवा. तिथली उदाहरणं पुस्तकातल्या सरावसंचातून आकड्यासकट उचललेली आहेत, की वाक्य फिरवून नव्यानं तयार केलेली आहेत? पहिल्या प्रकारात पाठ केलेल्या मुलालाही ११ पैकी ११ पडतात. दुसऱ्या प्रकारात चांगला मुलगाही ४-५ वर अडकतो. दुसऱ्या प्रश्नातल्या कृतीही बघा. कृती म्हणजे गाळलेल्या चौकटी भरायच्या. काही शाळा तीच कृती वर्गात आधी सोडवून घेतात.

तपासण्यात दुसरा फरक पडतो. चार मार्कांच्या उदाहरणात शेवटचं उत्तर चुकलं तर एका शाळेत पायऱ्यांचे तीन मिळतात, दुसरीत शून्य. बोर्डात पायरीनिहाय मार्क असतात, त्यामुळे नववीला शून्य देणाऱ्या शाळेची मुलं दहावीला एकदम वर गेलेली दिसतात. काही शाळा नववीला मुद्दाम हात आखडता घेतात, कारण मुलं दचकून अभ्यासाला लागावीत. आणखी एक कारण उघड बोललं जात नाही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच अडवायचं, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सुचवायचं. हा प्रकार आम्हाला पटत नाही, पण अशा शाळेच्या नववीच्या मार्कांवर त्याचा परिणाम होतो, हे पालकांना माहीत असावं.

आता करायचं काय? वर्गशिक्षकांना भेटा आणि टक्के सोडून तीन गोष्टी विचारा. तुकडीत सर्वांत जास्त किती पडले, ८० च्या वर किती मुलं आहेत आणि आपली मुलगी साधारण कितवी आहे. समजा ५२ च्या तुकडीत सर्वांत जास्त ७९ आणि तुमची मुलगी सहावी, तर ते ६८ भक्कम आहेत. शेजारच्या शाळेत निम्मा वर्ग ९० च्या वर असेल, तर ते ९१ मधलेच. मग विचारा, गेल्या वर्षी नववीत ६५ ते ७० मध्ये असलेल्या मुलांना दहावीला किती पडले? शाळेकडे दोन्ही याद्या असतात आणि अनुभवी शिक्षक ते तोंडपाठ सांगतात. प्रत्येक शाळेचा हा एक चालू भाव असतो, आणि तो एकदा कळला की ६८ चा आकडा वाचता येतो.

घरी एक गोष्ट करा. बोर्डाच्या मागच्या वर्षांच्या तीन प्रश्नपत्रिका घ्या, दोन तासांचं घड्याळ लावा, टेबलावर बसवून सोडवून घ्या आणि मुलीला न शिकवणाऱ्या शिक्षकांकडून तपासून घ्या. एका पेपरवरून काही ठरवू नका. चाळीसपैकी दोन-तीन मार्क इकडेतिकडे झाले तर तो फरक नसतो, तो त्या दिवसाचा मूड असतो.

शाळा बदलण्याबद्दल म्हणाल, तर फक्त आकडा फुगावा म्हणून बदलू नका. दहावीचा पेपर दोघींना एकच येणार आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या शाळेत सगळ्यांना २० पैकी १९-२० अंतर्गत गुण देतात, आमच्याकडे १४-१५. हा अन्याय नाही का? हे मार्क बंदच का करत नाहीत?
— एक वाचक, चाळीसगाव

एकदा बंद केले होते. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून लेखी परीक्षा १०० मार्कांची केली. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० वर आला. त्याच वर्षी सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांचे २० मार्क मात्र चालू होते, आणि अकरावीला सगळे एकाच यादीत. पालकांनी ओरड केली. पुढच्या वर्षी २० मार्क परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रम नवा होता, पेपरचा आराखडाही बदलला होता, हे धरूनसुद्धा एवढ्या चढउतारात त्या वीस मार्कांचा वाटा मोठा आहे.

अन्याय होतो, पण तो वाटतो त्या ठिकाणी नाही. एखादी शाळा सरसकट १९-२० देते तेव्हा त्या शाळेत अंतर्गत गुणांना काहीच अर्थ उरत नाही. आतल्या आत सगळी मुलं फक्त ८० वर मोजली जातात. अडचण होते ती दोन शाळांची मुलं एकत्र आल्यावर. एकीला लेखीत ८० पैकी ६२ आणि अंतर्गत २०, एकूण ८२. दुसरीला लेखीत ६६ आणि अंतर्गत १५, एकूण ८१. यादीत पहिली वर जाते. फक्त लेखी बघितलं तर पहिलीचे ७७.५ टक्के आणि दुसरीचे ८२.५. पाच विषयांत असं झालं तर कॉलेज बदलतं.

तुमच्या शाळेला १४-१५ का देता असं विचारताना निकष मागा: तोंडी किती, गृहपाठ किती, प्रकल्प किती, वही कधी तपासली. सीबीएसईत हे कागदावर स्पष्ट असतं. नियतकालिक चाचण्यांना ५, बहुविध मूल्यमापनाला ५, पोर्टफोलिओला ५ आणि विषय समृद्धीच्या उपक्रमांना ५. शिवाय त्यांच्या गुणपत्रिकेत लेखी आणि अंतर्गत असे दोन रकाने असतात. सीबीएसईच्या मुलाशी तुलना करायचीच असेल तर निदान पहिला रकाना बघा.

प्रश्न : भावाच्या मुलाला सीबीएसईत ८५ टक्के आणि बहुतेक विषयांत ए-१, ए-२. माझ्या मुलाला महाराष्ट्र राज्य मंडळात ८८.२०. घरात वाद सुरू आहे. हुशार कोण?
— एक वाचक, बेळगाव

वाद मिटवणं आमच्या हातात नाही. ८८.२० कसे बनतात तेवढं दाखवतो.

राज्य मंडळात सहा विषय, ६०० मार्क. समजा मराठी ८५, हिंदी ८३, इंग्रजी ७८, गणित ९१, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रे ८७. बेरीज ५१२, म्हणजे ८५.३३ टक्के. पण टक्के काढताना उत्तम पाच विषय धरतात. इथे सर्वांत कमी इंग्रजीत आहेत, ते गळतात. उरले ४३४, म्हणजे ५०० पैकी ८६.८०. आता मुलानं इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा अ श्रेणीत दिलेली असेल तर त्याचे ७ मार्क बेरजेत मिळवतात. झाले ४४१, म्हणजे ८८.२०. तीच उत्तरपत्रिका, तोच मुलगा, ८५.३३ चे ८८.२० झाले आणि यात कुणी लबाडी केलेली नाही. खेळाचे आणि लोककलेचे वाढीव गुणही असेच येतात. शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलांच्या बातम्या वाचून जे चकित होतात त्यांनी ही बेरीज एकदा करून बघावी. (पूर्ण संस्कृत घेतलेल्यांना भाषेत ९५-९८ सहज पडतात, हे दहावीच्या पालकांना वेगळं सांगायला नको.)

सीबीएसईतला ए-१ ही तर टक्केवारीच नाही. एखाद्या विषयात पास झालेल्या सगळ्यांना मार्कांप्रमाणे रांगेत उभं करायचं. वरच्या एक अष्टमांश मुलांना ए-१, पुढच्या अष्टमांशाला ए-२, असं खाली डी-२ पर्यंत. त्यामुळे एका विषयात ए-१ साठी जास्त मार्क लागतात, दुसऱ्यात कमी, आणि दरवर्षी ती रेषा हलते. ८६ मार्क असूनही ए-२ किंवा बी-१ मिळू शकतं. तुमच्या पुतण्याचा ए-१ सांगतो की देशभरातल्या पास झालेल्या सीबीएसईच्या मुलांत त्या विषयात तो वरच्या साडेबारा टक्क्यांत आहे. राज्य मंडळाची विशेष प्राविण्य श्रेणी मात्र ७५ टक्के आणि वर, इतकी सरळ आहे. त्यामुळे श्रेणी श्रेणीशी ताडून बघू नका.

आणखी एक बघा: पुतण्याच्या गणितापुढे ‘स्टँडर्ड’ लिहिलंय की ‘बेसिक’? २०२० च्या परीक्षेपासून सीबीएसईत दहावीला दोन वेगळे पेपर आहेत. बेसिकमधले ९० आणि स्टँडर्डमधले ९० एक नव्हेत. आणि सीबीएसई स्वतः एकूण टक्केवारी काढतच नाही. ते ८५ घरच्यांनी किंवा शाळेनं काढलेत. पाच विषयांचे की सहा, तेही विचारा.

प्रश्न : मग अकरावी प्रवेशात वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क समान पातळीवर आणत का नाहीत?
— एक शिक्षिका, ठाणे

आणण्याचे प्रयत्न झाले आणि न्यायालयात अडकले. २००८ मध्ये राज्य सरकारनं पर्सेंटाइलचं, म्हणजे आपापल्या बोर्डाच्या रांगेतल्या स्थानाचं, सूत्र आणलं, २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळासाठी आणि १० टक्के इतरांसाठी. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. २०१० चं ‘बेस्ट फाइव्ह’ही (उत्तम पाच विषयांचेच टक्के धरायचे) उच्च न्यायालयानं रद्द केलं, पण सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. राज्य मंडळाची मुलं सहा विषयांच्या ओझ्यानं मागे पडू नयेत म्हणून निघालेला हा तोडगा. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही तेव्हा अकरावीसाठी वेगळी सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) जाहीर झाली. ती राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होती. इतर बोर्डांच्या मुलांनी तो अभ्यासलाच नव्हता. ऑगस्टमध्ये न्यायालयानं तीही रद्द केली.

म्हणून आज यादी लागते ती आहे त्याच टक्क्यांवर. २०२५-२६ पासून हे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत आणि दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. पालकांना एवढंच सांगा: गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना शाखा, माध्यम, प्रवर्ग आणि फेरी या चारही गोष्टी जुळवून बघा. तिसऱ्या फेरीचा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ पहिल्या फेरीला लावून बसलेले बरेच जण दरवर्षी भेटतात. इनहाऊस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या) आणि अल्पसंख्याक कोट्यातल्या जागा आधी वजा होतात, त्यामुळे १२० ची तुकडी म्हणजे तुमच्यासाठी १२० जागा नव्हेत. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावं लागतं. नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे जिथे जायचंच नाही ते कॉलेज एक नंबरला ‘उगाच’ टाकू नका.

प्रश्न : बारावीनंतर तरी बोर्डाबोर्डांतला फरक कुणी मोजतं का? आणि चुलतबहीण कॅलिफोर्नियात आहे, तिचा जीपीए (श्रेणींची सरासरी) ४ पैकी ४.१५ आहे म्हणे. हे कसं शक्य आहे?
— बारावीचा विद्यार्थी, नाशिक

मोजतात, आणि टक्के बाजूला ठेवूनच मोजतात. आयआयटी आणि एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के हवेत, किंवा मग आपापल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असायला हवं. ही रेषा प्रत्येक बोर्डाची वेगळी निघते. इन्स्पायर शिष्यवृत्तीला आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असावं लागतं. म्हणजे एका बोर्डाचा ८८ वाला पात्र ठरतो आणि दुसऱ्याचा ९२ वाला बाहेर राहतो. टक्का म्हणजे १०० पैकी किती मिळाले आणि पर्सेंटाइल म्हणजे रांगेत तुझ्यामागे किती जण आहेत. हा घोळ बारावीच्या मुलांत अजून आहे, म्हणून लिहिलं. २०१३ ते २०१६ मध्ये जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन होतं, तेही बोर्डनिहाय समान पातळीवर आणून. ते पुढे बंद झालं. २०२१ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांचे कटऑफ १०० टक्क्यांना टेकले आणि २०२२ पासून तिथे सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आली.

चुलतबहिणीचं गणित असं. अमेरिकेत दहावी-बारावीला आपल्यासारखं बोर्डच नाही. शाळेतले शिक्षकच ए, बी, सी देतात. ए ला ४, बी ला ३. एपी किंवा ऑनर्ससारखा अवघड विषय घेतला तर एक गुण जादा. समजा दहावी-अकरावी मिळून २० सत्र-श्रेणी आहेत, १५ ए आणि ५ बी. बेरीज ७५, भागिले २०, म्हणजे ३.७५. कॅलिफोर्निया विद्यापीठ जादा गुण फक्त आठ सत्रांसाठी धरतं, त्यातही दहावीची जास्तीत जास्त चार. म्हणून ८३ भागिले २०, झाले ४.१५. तिच्या शाळेनं बारा सत्रांना जादा गुण दिले तर तोच जीपीए ४.३५ दिसेल. जादा गुण न देणाऱ्या शाळेत ३.७५. तीन आकडे, मुलगी एकच. म्हणून ते विद्यापीठ शाळेनं छापलेला जीपीए न घेता स्वतः मोजतं, ए-प्लस ए-मायनसमधले प्लस-मायनस सोडून देतं. शिवाय राज्यातल्या प्रत्येक सहभागी शाळेच्या वरच्या ९ टक्के मुलांना वेगळं स्थान देतं. म्हणजे मुलाची तुलना त्याच्याच वर्गमित्रांशी.

प्रश्न : प्रिलिमला गणितात ७४, बोर्डात ५१. शाळेनं सढळ हातानं दिले की बोर्डानं कापले?
— एक पालक, अकोला

आधी ते ७४ कितीपैकी हे शाळेला विचारा. ५१ मध्ये अंतर्गत गुण धरलेले आहेत. ते १८ असतील तर लेखीत ८० पैकी ३३ पडलेत. ७४ मध्येही अंतर्गत धरलेले असतील तर प्रिलिमची लेखी ५६ होते. तुलना ५६ आणि ३३ ची करा. फरक तरीही मोठा आहे, म्हणून उत्तरपत्रिका बघायलाच हवी.

निव्वळ गुणपडताळणीत बेरीज आणि न तपासलेले प्रश्न एवढंच बघतात. त्यापेक्षा छायाप्रत मागवा, बीजगणित आणि भूमिती दोन्हींची. आल्यावर या क्रमानं बघा: आतल्या मार्कांची बेरीज मुखपृष्ठावरच्या आकड्याशी जुळते का, पुरवणीतल्या उत्तरांचे मार्क धरलेत का, खोडून पुन्हा लिहिलेलं उदाहरण तपासलंय का, प्रश्नक्रमांक चुकीचा घातल्यानं उत्तर वाया गेलंय का. त्यानंतर गणिताच्या शिक्षकांना घेऊन पायऱ्या बघा. प्रिलिमचा पेपरही शेजारी ठेवा. त्यातली उदाहरणं शाळेनं आधीच वर्गात सोडवून घेतलेली होती की नव्हती, हे मुलगाच सांगेल. पायऱ्यांचे मार्क सुटलेले दिसले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत करावा लागतो. त्यामुळे शिक्षकांची वेळ छायाप्रत हातात यायच्या आधीच ठरवून ठेवा.